कन्सोलला सापडतं ते स्क्रिप्टला का सापडत नाही?

खानापूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची बेळगावात भाजीपाल्याची अडत आहे. रोज पहाटे ते एका बाजारभावाच्या पानावर जातात, तालुका निवडतात आणि खाली येणाऱ्या तक्त्यातले भाव वहीत उतरवून घेतात. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. वडिलांचं हे काम वाचावं म्हणून त्यानं क्रोमचं छोटं एक्स्टेंशन लिहिलं. पण तक्ता शोधणारी ओळ 'नल', म्हणजे 'काही सापडलं नाही', असं परत करते. तीच ओळ, एका अक्षराचाही फरक न करता, कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये हातानं ओळी चालवून बघायच्या खिडकीत, टाकली की तक्ता सापडतो. त्यानं सिलेक्टर (पानातली वस्तू शोधायची खूण) सात-आठ तऱ्हांनी बदलून पाहिला, डीओएमकंटेंटलोडेड (पान वाचून झाल्याचा इशारा) लावून पाहिलं, शेवटी तीन सेकंदांचा सेटटाइमआउट (तेवढा वेळ थांबून मग ओळ चालवणं) लावला. तो घरी चालतो, दुकानात चालत नाही.

तुम्ही मला 'सर' लिहिलंय, 'दादा' पुरे. मी काही कॉलेजात शिकवत नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, एक-दोन पतसंस्था, अडतवाले यांच्यासाठी लहानसहान वेबची कामं करतो, २००९ पासून. हे उत्तर फोनवरून लिहितोय आणि कीबोर्ड बदलत बसायचा कंटाळा येतो, म्हणून फंक्शनांची नावंही देवनागरीतच. एडिटरमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये, लहान-मोठ्या लिपीसकट जशीच्या तशी लिहायची.

आधी मुद्द्याचं. तुमचा सिलेक्टर बरोबर आहे. कन्सोलमध्ये सापडतोय हाच त्याचा पुरावा. तरीही आठ वेळा तुम्ही सिलेक्टरच बदललात, कारण शोध फसला की आपल्याला पहिला संशय नावाचा येतो. माझ्या अनुभवात, ओळ कन्सोलमध्ये चालते आणि स्क्रिप्टमध्ये चालत नाही, तेव्हा चूक नावाची नसतेच. एक तर वेळ चुकलेली असते, नाहीतर घर चुकलेलं असतं. तुमच्या बाबतीत दोन्हींपैकी काय, हे पान बघितल्याशिवाय मला छातीठोक सांगता येणार नाही. पण ओळखायचं कसं ते सांगतो.

वेळेचं आधी बघू. तुम्ही कन्सोल उघडता, ओळ टाकता, एंटर दाबता. तोवर दहा-पंधरा सेकंद सहज गेलेले असतात. तालुका तुम्ही आधीच निवडलेला असतो, तक्ता येऊन बसलेला असतो. स्क्रिप्ट मात्र तुमच्यासारखी रमतगमत येत नाही. एक्स्टेंशनमधली कंटेंट स्क्रिप्ट (पानात शिरून चालणारी) वेगळं काही सांगितलं नसेल तर 'डॉक्युमेंट आयडल'ला चालते, म्हणजे मूळ पान वाचून झाल्यावर. म्हणूनच डीओएमकंटेंटलोडेड लावून उपयोग झाला नाही. तुम्ही कान लावेपर्यंत ती घंटा बहुधा वाजून गेलेली असते आणि ती दुसऱ्यांदा वाजत नाही. वाजली असती तरी फरक पडला नसता. तिचा अर्थ सर्व्हरनं पाठवलेलं मूळ एचटीएमएल वाचून झालं, एवढाच. तक्ता त्या मूळ एचटीएमएलमध्ये नाहीच. तालुका निवडल्यावर पान मागच्या दारानं डेटा मागवतं आणि मग तक्ता उभा करतं.

याची खात्री एका मिनिटात होते. पानावर उजवं क्लिक करून 'व्ह्यू पेज सोर्स' उघडा आणि तक्त्याची आयडी शोधा. तिथे ती नसेल आणि एलिमेंट्स पॅनेलमध्ये असेल, तर ती मागाहून आलेली आहे. सोर्स म्हणजे सर्व्हरकडून आलेला कागद, एलिमेंट्स पॅनेल म्हणजे या घडीला ब्राउझरच्या डोक्यात असलेलं झाड. दोन्ही एकच समजणारे खूप भेटतात. पायथननं नुसतं पान उतरवून त्यात तक्ता शोधणाऱ्यांची रडकथा हीच असते, तिथे तर पानातली स्क्रिप्ट चालतच नाही.

सेटटाइमआउट घरी चालतो आणि दुकानात नाही, याचंही कारण आता कळेल. घरी नेट वेगवान असेल, दुकानात पहाटे सगळी पेठ एकाच टॉवरवर. उद्या तुम्ही तीनाचे सहा सेकंद कराल, दुकानात चालेल, आणि पावसाळ्यात जांबोटीला मामाकडे गेलात की परत नल. सेकंद मोजून वाट बघणं म्हणजे बस किती वाजता येते ते ठाऊक नसताना घड्याळ बघून फाट्यावर जाणं.

त्याऐवजी रस्त्यावर नजर ठेवायची. त्यासाठी म्युटेशनऑब्झर्व्हर आहे. त्याला एक एलिमेंट दाखवायचं आणि 'याच्या पोटात काही बदललं की मला हाक मार' असं सांगायचं. पर्यायांमध्ये चाइल्डलिस्ट आणि सबट्री दोन्ही ट्रू ठेवा. सबट्री नसेल तर फक्त थेट मुलं दिसतात, नातवंडं दिसत नाहीत. हाक आली की तुमचा शोध चालवा: तक्ता आहे का, त्यात ओळी आहेत का. नसतील तर मुकाट्यानं परत फिरा, पुढची हाक येईलच.

आता यातल्या खाचखळग्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे मी स्वतः अनेकदा आपटलोय.

पहिला खळगा: पहारा कुणावर ठेवायचा? तक्त्यावरच ठेवाल तर फसाल. एक म्हणजे तो सुरुवातीला नसतोच. दुसरं, दुसरा तालुका निवडला की बरीच पानं जुना तक्ता अख्खा फेकून देतात आणि इनरएचटीएमएल लिहून नवा उभा करतात. तुमचा पहारेकरी त्या फेकलेल्या तक्त्याशेजारी उभा राहतो, बाहेर काय चाललंय त्याचा त्याला पत्ता नसतो. म्हणून पहारा वरच्या, न बदलणाऱ्या डब्यावर ठेवायचा. तसा डबा सापडेना तर डॉक्युमेंटच्या बॉडीवर ठेवा. थोडं जास्त काम पडेल, पण भाजीच्या तक्त्याला ते जड नाही.

दुसरा खळगा याच्याच पोटातला. एकदा सापडलेला तक्ता व्हेरिएबलमध्ये ठेवून पुढे तोच वापरत बसू नका. खानापूरचे भाव बरोबर येतात, मग हुक्केरी निवडलं तरी खानापूरचेच येतात, अशी तक्रार आली की समजायचं की हातात मेलेला नोड आहे, म्हणजे पानातून काढून टाकलेला तक्ता. तो मेमरीत असतो, त्यातला मजकूरही वाचता येतो, म्हणून चूक उमगत नाही. त्याचं 'इझकनेक्टेड' (अजून पानाला जोडलेला आहे का) विचारा, फॉल्स येईल. सोपा नियम: दर वेळी नव्यानं शोधा. शोध स्वस्त असतो.

तिसरा: तुम्ही त्याच डब्यात 'कॉपी करा' असं बटण घालणार असाल, तर तेही बदलच आहे. ऑब्झर्व्हर तुम्हाला हाक मारेल, तुम्ही पुन्हा बटण घालाल, तो पुन्हा हाक मारेल, आणि टॅब गोठेल. बटण आधीच आहे का ते बघून मगच घाला.

हे झालं वेळेचं. आता घराचं. तक्ता आयफ्रेममध्ये असेल, तर तो तुमच्या डॉक्युमेंटमध्ये नाहीच. आयफ्रेम म्हणजे पानात बसवलेलं दुसरं पान, त्याचं डॉक्युमेंट वेगळं. शहापूरच्या यादीत वडगावचं नाव शोधल्यासारखं होतं. कन्सोलच्या वरच्या पट्टीत 'टॉप' असं लिहिलेली एक यादी असते. तुमची ओळ चालली तेव्हा तिथे 'टॉप' होतं की दुसरं काही, ते बघा. दुसरं काही असेल तर तुम्ही नकळत आयफ्रेमच्या आत उभे राहून शोधत होता. साध्या स्क्रिप्टला आयफ्रेमच्या आत जायचं तर कंटेंटडॉक्युमेंट वापरता येतं, पण आतलं पान त्याच ठिकाणचं असेल तरच. दुसऱ्या डोमेनचं असेल तर ब्राउझर आत डोकावू देत नाही, आणि ते योग्यच आहे. एक्स्टेंशनला मात्र सरळ वाट आहे. मॅनिफेस्टमध्ये (एक्स्टेंशनची माहिती असलेली फाइल) 'ऑल फ्रेम्स' ट्रू करा आणि आयफ्रेमचा पत्ताही मॅचेसमध्ये, म्हणजे कुठल्या पत्त्यांवर चालायचं त्या यादीत, घाला. मग तुमची स्क्रिप्ट प्रत्येक चौकटीत स्वतंत्रपणे चालते. हा पर्याय मुळात बंद असतो.

एक बारीकसं तिसरं कारणही आहे. तुम्ही कन्सोलमध्ये '$' लिहून शोधत असाल, तर ते कन्सोलनं दिलेलं स्वतःचं सोयीचं चिन्ह आहे. पानात जेक्वेरी ही लायब्ररी नसेल तर स्क्रिप्टमध्ये ते नसतं. पण तेव्हा नल येत नाही, सरळ एरर येते, म्हणून तुमच्या बाबतीत हे नसावं.

आता तुम्ही न विचारलेलं, पण पुढच्या महिन्यात विचाराल असं. तक्ता सापडेल, पण त्याला धरायचं कशानं? तुम्ही पाठवलेला सिलेक्टर डेव्हटूल्समधल्या (कन्सोल ज्यात असतो तो ब्राउझरचा हत्यारांचा डबा) 'कॉपी सिलेक्टर'चा दिसतोय: बॉडीतला तिसरा डिव्ह (पानातला कप्पा), त्यातला दुसरा, त्यातला पाचवा. आज बरोबर आहे. उद्या त्या पानावर दिवाळीच्या शुभेच्छांची एक पट्टी वर चढली की तिसऱ्याचा चौथा होतो आणि सगळं कोसळतं.

मग काही जण मजकुरानं शोधतात. 'खानापूर' लिहिलेला पर्याय, 'दर' लिहिलेला रकाना. सीएसएस सिलेक्टरला मजकूर कळत नाही, त्यासाठी एक्सपाथ (शोधायची दुसरी पद्धत) किंवा स्वतः फिरून टेक्स्टकंटेंट तपासणं. पण आपल्या भागात मजकुरावर विसंबणं म्हणजे संकटाला आमंत्रण. तुमचं पान कन्नड आणि इंग्रजीत उलटसुलट होतं म्हणालात. मराठीत 'दर', कन्नडमध्येही 'दर'च. कानाला एकच शब्द. पण देवनागरी 'द'चा युनिकोड क्रमांक २३४२ आणि कन्नड 'द'चा ३२३८. संगणकाच्या लेखी त्यांची ओळखपाळख नाही. आपण 'खानापूर' दीर्घ लिहितो, कन्नडमध्ये ते ऱ्हस्व. आपलं 'निपाणी' तिकडे 'निप्पाणि' होतं, 'चिकोडी'चं 'चिक्कोडि'. मराठीतल्या मराठीत तरी कुठे एकमत आहे? 'कऱ्हाड' हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो, एकात नुक्त्याचा 'ऱ', दुसऱ्यात साधा 'र' आणि अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, तुलना केली तर फॉल्स, आणि नॉर्मलाइझ करूनही, म्हणजे युनिकोडच्या नियमानं एकाच साच्यात बसवूनही, ते दोन एक होत नाहीत.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. एका गिऱ्हाइकाच्या कामात मी यादीतला पर्याय 'बेलगाम' या इंग्रजी स्पेलिंगनं शोधत होतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव 'बेळगावी' झालं. नावाचा वाद इथे नको, तो आपल्या घराघरात पुरेसा होतो. पानं मात्र एकदम बदलली नाहीत, एकेक करत महिनोन्महिने बदलत गेली, आणि दर वेळी माझी स्क्रिप्ट एका नव्या ठिकाणी मेली. चौथ्या फोननंतर डोक्यात प्रकाश पडला. नाव बदललं, पण पिन ५९०००१ तोच राहिला. एसटीडी ०८३१ तोच. गाडीच्या पाटीवर केए २२ तेच. ज्या गोष्टीवर दुसऱ्या चार यंत्रणांचं काम अडून असतं, ती कुणी सहज बदलत नाही.

पानातही तसंच. ऑप्शनवर दिसणारं नाव माणसांसाठी असतं, त्याची व्हॅल्यू सर्व्हरकडे जाते, म्हणून ती टिकते. तिच्यावरून शोधा: चौकोनी कंसात 'व्हॅल्यू=' आणि तो कोड. तक्त्याला आयडी असेल तर उत्तम. 'डेटा-'ने सुरू होणारे गुणधर्म असतील तर तेही भक्कम, कारण पानाची स्वतःची स्क्रिप्ट बहुधा त्यांच्यावरच चालत असते. क्लासबद्दल मात्र सावध राहा. 'भाव-तक्ता' असा अर्थ असलेला क्लास चालेल. नुसता रंग किंवा समास सांगणारा, किंवा अक्षरं-आकडे कालवून यंत्रानं बनवलेला क्लास नको, पुढच्या वेळी पान नव्यानं बांधलं की तो बदलतो.

जाता जाता: आयडी इंग्रजी अंकानं सुरू होत असेल, समजा पिनकोडच आयडी म्हणून दिलाय, तर सिलेक्टरवरून शोधणाऱ्या क्वेरीसिलेक्टरला '#' लावून ती दिली की सिंटॅक्स एरर येते. सीएसएसला अंकानं सुरू होणारं नाव चालत नाही. गेटएलिमेंटबायआयडी मात्र ती निमूट शोधून देतं (त्याला '#' द्यायचं नसतं, ही चूक मीही करतो). गंमत म्हणजे देवनागरी अंकांनी सुरू होणारी आयडी सीएसएसला चालते, कारण त्याच्या लेखी ते अंकच नव्हेत. '#भावतक्ता' असा देवनागरी सिलेक्टरही अगदी वैध आहे. मी स्वतःच्या कामात वापरत नाही, पण वैध आहे.

मी स्वतः शोध नेहमी टप्प्याटप्प्यानं करतो. आधी तक्ता, मग त्या तक्त्यावरच क्वेरीसिलेक्टरऑल लावून टीबॉडीतल्या (तक्त्याचा मुख्य भाग) ओळी, मग प्रत्येक ओळीत रकाने. एकाच लांबलचक सिलेक्टरमध्ये सगळं कोंबलं तर नल आल्यावर कुठे तुटलं ते कळत नाही. टीबॉडीवरून आठवलं, एचटीएमएलमध्ये ती लिहिली नसली तरी वाचताना ब्राउझर स्वतः घालतो, म्हणून टेबलचं थेट मूल म्हणून टीआर (तक्त्याची ओळ) शोधलं तर हाती काही लागत नाही. आणि नल आला की प्रश्नचिन्ह-टिंब (?.) लावून तो गिळू नका. तक्ता नाही तर स्क्रिप्टनं बोंब मारायलाच हवी. गप्प बसणाऱ्या स्क्रिप्टमुळे तुमचे बाबा रिकामा कागद घेऊन लिलावाला उभे राहतील.

ओळी गोळा करायला गेटएलिमेंट्सबायक्लासनेम वापरलंत तर एक जपा: ती यादी जिवंत असते. एका पतसंस्थेच्या पानावर मी 'थकीत' क्लासच्या चौदा ओळी घेतल्या आणि फॉर लूपमध्ये एकेकीचा तो क्लास काढत गेलो. सात निघाल्या, सात राहिल्या. पहिलीचा क्लास निघताच ती यादीतून गळली, दुसरी पहिल्या जागी सरकली, आणि माझा ओळी मोजणारा आय पुढे गेला. व्यवस्थापकांचा फोन आला, 'हप्ते सगळ्यांचे आलेत की हो, मग निम्मेच का सुटले?' क्वेरीसिलेक्टरऑलची यादी गोठलेली असते, तिथे हे होत नाही. आणि तिला फॉरईच आहे, जिवंत यादीला नाही.

शेवटचा टप्पा आकड्यांचा, आणि तुमच्या धंद्यात तो सगळ्यात महाग पडेल. रकान्यात '१८,५००' असं स्वल्पविरामासह, पण इंग्रजी अंकांत असेल, तर मजकुरातून आकडा काढणारं पार्सफ्लोट पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतं आणि १८ देतं. एरर नाही, काही नाही. ब्याडगी मिरची क्विंटलला अठरा रुपये! नंबर वापरलं तर निदान नॅन ('हा आकडा नाही') येतं, म्हणजे चूक दिसते तरी. आधी स्वल्पविराम काढा, मग नंबर करा. पान कन्नड अंक दाखवत असेल तर ते आधी इंग्रजी अंकांत बदलावे लागतील. देवनागरी असो वा कन्नड, जावास्क्रिप्टचं नंबर ते वाचत नाही.

आणि हे सगळं करण्याआधी एकदा डेव्हटूल्समधला नेटवर्क टॅब उघडून तालुका बदलून बघा. बऱ्याचदा तिथे जेसन (डेटा पाठवायचा साधा मजकुरी साचा) उत्तर येताना दिसतं, भाव त्यात नीट मांडलेले असतात. तसं असेल आणि पानाच्या अटींत बसत असेल, तर तक्ता शोधायची गरजच नाही. मात्र दिवसातून एकदा-दोनदाच मागा. दर मिनिटाला सर्व्हरला ढोसायचं नाही, भाव तेवढ्यात काही बदलत नाहीत.

तालुकाही स्क्रिप्टनंच निवडायचा असेल तर सिलेक्टची नुसती व्हॅल्यू बदलून पानाला पत्ता लागत नाही. नंतर 'चेंज' हा इव्हेंट स्वतः पाठवावा लागतो, बबल्स ट्रू ठेवून, म्हणजे तो वरच्या डब्यांपर्यंतही पोचतो.

आता तुम्ही एवढंच करा. पान उघडा, तालुका निवडायच्या आधी कन्सोलमध्ये वर 'टॉप' आहे याची खात्री करून तुमची ओळ टाका. मग तालुका निवडा, तक्ता दिसला की तीच ओळ परत टाका. आधी नल आणि नंतर तक्ता आला, तर प्रश्न वेळेचा, ऑब्झर्व्हर लावा. दोन्ही वेळा नल आला, तर पानात आयफ्रेम किती आहेत ते क्वेरीसिलेक्टरऑलनं मोजा आणि तो आकडा इथे लिहा. मी रात्री नऊनंतर बघतो, सोबत मॅनिफेस्टमधला कंटेंट स्क्रिप्टचा भागही टाकून ठेवा.